तू आहेसच की!

मागच्या मे महिन्यात सांगलीला घरी गेले होते. दुपारची जेवणं झाल्यावर बाबांनी लोखंडी कपाटातून एक फाईल काढली आणि माझ्यासमोर ठेवली. घराचा उतारा, मुदतठेवींच्या पावत्या, पेन्शनचे कागद, विमा, लाईटबिलावर नाव कुणाचं आहे, पाणीपट्टी कुठे भरतात. सगळं प्लास्टिकच्या कव्हरात, वर बाबांच्या वळणदार अक्षरात शीर्षकं. जिल्हा परिषदेच्या शाळेत आयुष्यभर हजेरीपट लिहिलेला माणूस. त्यांची फाईल अशीच असणार.

सगळं समजावून झाल्यावर मी विचारलं, "आणि ह्याचं काय?"

'ह्याचं' म्हणजे माझ्या धाकट्या भावाचं. तो बत्तीस वर्षांचा आहे. त्याला बौद्धिक अक्षमता आहे. आमच्या लहानपणी ज्याला सरसकट 'मतिमंद' म्हणायचे, ते. तो तिथेच बसून चहात बिस्किट बुडवत होता.

बाबांनी फाईलची दोरी बांधत म्हटलं, "त्याचं काय? तू आहेसच की."

एवढ्या मोठ्या फाईलमध्ये भावासाठी एकही पान नव्हतं. त्याची योजना म्हणजे मी. आणि हे सांगताना बाबांच्या आवाजात कसलीही जबरदस्ती नव्हती. उलट प्रेम होतं, विश्वास होता. त्यामुळे तर मला काही बोलताच आलं नाही.

मी सिनेमे पाहते आणि त्यांच्यावर लिहिते. त्या रात्री गच्चीवर पडल्या पडल्या मला सारखं वाटत राहिलं, हे वाक्य मी आधी ऐकलंय. घरात नाही, पडद्यावर. वेगवेगळ्या भाषांत, वेगवेगळ्या माणसांच्या तोंडून. म्हणून पुण्याला परत आल्यावर मी एकेक करून ते सिनेमे पुन्हा पाहायला घेतले. 'आमच्यानंतर ह्याचं कसं होणार?' हा प्रश्न ज्या घरात असतो, त्या घरांचे सिनेमे. हा लेख त्याबद्दल आहे. सिनेमे चांगले की वाईट एवढंच मला सांगायचं नाहीये. ह्या प्रश्नाचं उत्तर म्हणून ते नेमकं काय देतात, आणि आपण ते उत्तर का मान्य करतो, हे मला बघायचं होतं.

दोन बाप, दोन समुद्र

'ओशन हेवन' हा २०१० सालचा चिनी सिनेमा. दिग्दर्शिका श्वे श्याओलू. मारामारीच्या सिनेमांमुळे जगभर माहीत असलेला जेट ली ह्यात एकही ठोसा मारत नाही. तो एका मत्स्यालयात काम करणारा साधा कामगार आहे. बायको वारलेली. विशीतला मुलगा दाफू, ऑटिझम असलेला. बापाला यकृताचा कर्करोग झालाय आणि हातात थोडेच महिने आहेत.

सिनेमा सुरू होतो तो एका नावेवर. बाप स्वतःचे आणि मुलाचे पाय एकत्र बांधतो आणि दोघं समुद्रात उडी घेतात. मुलगा मात्र पट्टीचा पोहणारा. तो सुटतो, दोघंही वाचतात. म्हणजे सिनेमा आत्महत्येपासून सुरू होतो आणि पुढे सगळा वेळ 'बरं, मेलो नाही, आता काय करायचं?' ह्या प्रश्नावर खर्च करतो.

'पेरन्बु' हा राम ह्या दिग्दर्शकाचा तमिळ सिनेमा. आपल्याकडे २०१९ मध्ये प्रदर्शित झाला. त्यातला बाप मामुट्टी. तो परदेशातून परत येतो, बायको घर सोडून गेलेली, आणि सेरेब्रल पाल्सी असलेली किशोरवयीन मुलगी त्याच्या पदरात. निसर्गाच्या एकेका गुणाचं नाव दिलेल्या प्रकरणांमधून गोष्ट पुढे सरकते. डोंगरातल्या तळ्याकाठच्या घरापासून चेन्नईतल्या कोंदट खोलीपर्यंत. मुलीला पाळी येते, मुलगी वयात येते, तिच्या शरीराला इच्छा आहेत हे बापाला कळतं. हे इतक्या सरळपणे दाखवणारा दुसरा भारतीय सिनेमा मला आठवत नाही. आणि सगळे दरवाजे बंद झाल्यावर तो बाप मुलीला घेऊन समुद्रात शिरतो.

एक सिनेमा समुद्रापासून सुरू होतो, दुसरा समुद्रापाशी पोचतो. दोन देश, दोन भाषा, पण बापाच्या डोक्यात पहिला किंवा शेवटचा विचार एकच. आपण जाताना हिला, ह्याला बरोबर घेऊन जावं.

तुमच्यापैकी ज्यांच्या घरी असं कुणी नाही, त्यांना हे अतिरेकी वाटेल. ज्यांच्या घरी आहे, त्यांनी आईला कधीतरी म्हणताना ऐकलं असेल, "माझ्या आधी ह्याला ने रे देवा." आमच्याकडे आजी म्हणायची. देवासमोर, मोठ्याने, निरांजन ओवाळता ओवाळता. भाऊ शेजारी उभा राहून टाळ्या वाजवायचा. हे वाक्य कुणालाही क्रूर वाटत नाही, कारण सगळ्यांना ते माया म्हणूनच ऐकू येतं. ह्या दोन सिनेमांनी त्या मायेचं खरं रूप दाखवलं, ह्याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. समुद्रात बापाचा चेहरा दिसतो तेव्हा आपण रडतो. पण मुलाचे पाय बांधलेले असतात, त्याला कुणी विचारलेलं नसतं, हेही त्याच दृश्यात असतं.

अंडं उकडण्याची गोष्ट

मला 'ओशन हेवन' जास्त आवडतो. कारण समुद्रातून परत आल्यावर तो कंटाळवाण्या गोष्टींकडे वळतो.

बाप मुलासाठी जागा शोधायला लागतो. अनाथाश्रम म्हणतो, हा मोठा झालाय. वृद्धाश्रमात जावं, तर हा अजून लहान. ह्या फेऱ्या सिनेमा फार आवाज न करता दाखवतो. समोरची माणसं वाईट नसतात, सगळे नियमानेच बोलतात. पण विशीतल्या, पुढे पन्नास वर्षं जगू शकणाऱ्या माणसासाठी कुठल्याच रजिस्टरात रकाना नसतो. मला वाटतं, ह्या विषयावरच्या सिनेमांमधलं हे सगळ्यात खरं नाट्य आहे. इथे खलनायक कुणी नाही, नाही ती जागा.

त्याबरोबर बाप मुलाला शिकवायला लागतो. अंडं कसं उकडायचं. बसमध्ये कसं चढायचं, आपल्या थांब्यावर कसं उतरायचं. कपडे कसे काढायचे, घालायचे. मत्स्यालयातली फरशी कशी पुसायची. पुन्हा, पुन्हा, पुन्हा. बाप चिडतो, थकतो, परत सुरू करतो. जेट लीने आयुष्यात केलेल्या सगळ्या कसरतींपेक्षा मला ही कसरत मोठी वाटते. 'माझ्यानंतर काय' ह्या प्रचंड प्रश्नाचे तुकडे करत करत तो एका अंड्यापर्यंत येतो. प्रश्न तसाच्या तसा असतो, पण आता त्याला कुठून तरी हात घालता येतो.

शेवटी शाळेच्या जुन्या मुख्याध्यापिकेच्या ओळखीतून एक जागा मिळते. तिथेही मुलगा घाबरतो म्हणून बाप काही दिवस स्वतः तिथे राहायला जातो. नव्या जागेत आधी आपण दोघं, मग हळूहळू तू एकटा. प्रत्यक्षातही हे असंच करायला हवं. आई-वडील गेल्याच्या तेराव्या दिवशी माणसाला उचलून अनोळखी खोलीत नेऊन सोडण्यापेक्षा हे कितीतरी शहाणपणाचं आहे.

पण ह्या सिनेमाबद्दल दोन तक्रारी आहेत. एक आत्ता सांगते, दुसरी शेवटी.

पहिली तक्रार कर्करोगाची. बाप मरणार आहे म्हणून गोष्ट पळते. पडद्यावर मुदत असते. आमच्यासारख्या घरांत ती नसते. आमचे बाबा एकाहत्तर वर्षांचे आहेत, सकाळी कृष्णेच्या घाटापर्यंत चालून येतात, रक्तदाबाची एक गोळी सोडली तर ठणठणीत. भावाचं अठरावं वर्ष सरलं, पंचविसावं सरलं, तिसावं सरलं. कुणीच घाई केली नाही, कारण कुणीच मरत नव्हतं. तीस वर्षांचा धडधाकट वेळ आमच्या हातात होता आणि तो 'बघू पुढचं पुढे' ह्यात गेला. सिनेमा बघून आपल्याला वाटतं की नियोजन ही मरणाऱ्या माणसाने करायची गोष्ट आहे. खरं म्हणजे ती जगणाऱ्या माणसांनी, तब्येत चांगली असताना, भांडत भांडत करायची गोष्ट आहे.

गंमत म्हणजे, कायदाही बराच काळ ह्याच पटकथेवर चालत होता. प्राप्तिकर कायद्यात एक कलम आहे. अपंग व्यक्तीच्या भविष्यासाठी ठरावीक विमा योजनेत पैसे भरले, तर पालकाला करात सवलत मिळते. पण अट अशी होती की त्या योजनेचे पैसे त्या व्यक्तीला पालकाच्या मृत्यूनंतरच मिळावेत. म्हणजे बाप सत्तरीचा झाला, कमाई थांबली, मुलगा चाळिशीचा झाला, पैशाची गरज आत्ता आहे, तरी बाप जिवंत आहे म्हणून पैसे अडकलेले. ह्यावर सर्वोच्च न्यायालयात याचिका झाली. जानेवारी २०१९ मध्ये न्यायालयाने कलम रद्द केलं नाही, पण सरकारने ह्याचा फेरविचार करावा असं सुचवलं. २०२२ च्या अर्थसंकल्पात बदल झाला. आता पालकाने साठी गाठल्यावर त्याच्या हयातीतही पैसे सुरू होऊ शकतात. तोपर्यंत, सिनेमातल्यासारखंच, कुणीतरी मेल्याशिवाय पुढचा अंक सुरू होत नव्हता.

योजनेचं नाव बाई

आता बाबांच्या वाक्याकडे येते.

'पेरन्बु'मध्ये बाप आणि मुलगी समुद्रातून परत कशी येतात? मीरा नावाची एक ट्रान्स स्त्री त्यांना वाचवते. जगाने हाकललेली बाई जगाने हाकललेल्या बाप-लेकीला आपलं म्हणते. दृश्य सुंदर आहे, त्यात राजकारणही आहे. 'ओशन हेवन'मध्ये शेजारची दुकानदार बाई आहे, बापावर मनातून प्रेम करणारी आणि मुलाचं सगळं करायला तयार असलेली. शिवाय सर्कशीतली एक मुलगी आहे. आणि जागा शोधून देणारी मुख्याध्यापिका, तीही बाईच.

आपल्याकडे येऊ. 'चौकट राजा' तुम्ही टीव्हीवर पाहिला असेल. १९९१ साल, दिग्दर्शक संजय सूरकर. दिलीप प्रभावळकरांचा नंदू पाहून मराठी घरं अजून रडतात. नंदूची आई सुलभा देशपांडे. आणि लहानपणीची मैत्रीण मीनल, म्हणजे स्मिता तळवलकर. तिच्या मनात लहानपणीच्या अपघाताचं ओझं आहे आणि नवऱ्याला हे सगळं पसंत नाही. मी लहानपणी हा सिनेमा बघताना नंदूसाठी रडायचे. ह्या वेळी मीनलकडे बघत बसले. एक बाई आई म्हणून झिजतेय, दुसरी बाई अपराधी भावनेने पुढे येतेय, आणि पुरुषाने परवानगी द्यायची की नाही, ह्यावर ताण उभा आहे.

मग 'देवराई'. २००४ साल, सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर. शेष म्हणजे अतुल कुलकर्णी, त्याची बहीण सीना म्हणजे सोनाली कुलकर्णी. इथे एक फरक लक्षात ठेवायला हवा. शेषला स्किझोफ्रेनिया आहे. तो आजार आहे, त्यावर औषधं आहेत. माझ्या भावाचं तसं नाही. तो आजारी नाही, तो तसाच आहे. पण बहिणीच्या घरात भाऊ राहायला येतो तेव्हा त्या घराचं काय होतं, हे इतकं जवळून दाखवणारा मराठी सिनेमा माझ्या पाहण्यात दुसरा नाही. ह्या सिनेमामागे जगन्नाथ वाणी उभे राहिले. कॅनडात स्थायिक झालेले, ज्यांनी स्वतःच्या घरात हा आजार पाहिलेला. त्यामुळे असेल, पण सीना देवी होत नाही. ती थकते. तिला आपला संसारही हवा असतो आणि भाऊही. तिला चिडायची मुभा आहे. एवढ्या सगळ्या सिनेमांमध्ये मला माझा चेहरा सापडला तो फक्त तिच्यात.

पण एवढ्या समजूतदार सिनेमातही सीनाकडे जबाबदारी कशी आली, हे कुणी विचारत नाही. ती आली, कारण ती बहीण आहे. जशी पाणीपट्टी येते तशी.

ही सगळी नावं एका ओळीत लिहून पाहिली. मीरा, दुकानदार बाई, मुख्याध्यापिका, मीनल, सीना. पडद्यावर 'आमच्यानंतर कोण?' ह्या प्रश्नाचं उत्तर जवळजवळ प्रत्येक वेळी एक मोठ्या मनाची बाई आहे. ती ऐनवेळी येते, काही मागत नाही, आणि ती आली की प्रेक्षक निश्वास टाकून उठतो. तिला आयुष्यात दुसरं काही करायचं होतं का, तिला नवरा मिळाला तो ह्या अटीसकट मिळाला का, ती आजारी पडली तर काय, ती म्हातारी झाली तर काय, हे पुढच्या सिनेमात. आणि पुढचा सिनेमा कुणी काढत नाही.

माझं लग्न ठरत असताना दोन ठिकाणांहून हाच प्रश्न आला होता. "भावाचं पुढे काय?" बाबांनी तेव्हा ठामपणे सांगितलं होतं, "त्याची जबाबदारी आमची, हिच्यावर काही नाही." आणि आता, "तू आहेसच की." दोन्ही वाक्यं त्यांनी मनापासून म्हटली होती. खोटं बोलणारा माणूस नव्हे तो. दोन्ही वेळा त्यांच्याकडे दुसरी गोष्टच नव्हती. त्यांनीही हेच सिनेमे पाहिलेत.

गोड मूल आणि पदक

एक आक्षेप मला माहीत आहे. सिनेमा म्हणजे काही माहितीपुस्तिका नव्हे. तहसील कचेरीतली रांग कोण बघणार?

मान्य. पण मला रांग नको आहे, मला वय हवं आहे. अपंग व्यक्तीचं चाळिसावं, पन्नासावं वर्ष आपल्या सिनेमात शोधून पाहा. मणिरत्नमच्या 'अंजली'तली मुलगी लहानपणीच जाते. महेश लिमयेंचा 'यलो' हा त्यातल्या त्यात धाडसी सिनेमा, कारण डाऊन सिंड्रोम असलेली जलतरणपटू गौरी गाडगीळ त्यात स्वतःची भूमिका स्वतः करते. तिच्या जागी कुणी नट नाही. ती पडद्यावर असताना तिच्याबद्दल बोलता येत नाही, तिच्याशीच बोलावं लागतं. २०२५ च्या 'सितारे ज़मीन पर'मध्येही दहा जण खरेखुरे आहेत, त्यांना नोकऱ्या आहेत, मतं आहेत, चेष्टा करायची सवय आहे. ह्या गोष्टी वीस वर्षांपूर्वी नव्हत्या आणि मला त्यांचा आनंद आहे. पण 'यलो' पदकाशी थांबतो, 'सितारे' प्रशिक्षक सुधारला की थांबतो. पदक घेऊन घरी आलेली मुलगी पंचेचाळिशीची होते, आईचे गुडघे दुखायला लागतात, तिथून पुढे पडदा काळा.

त्या काळ्या पडद्यामागे काय असतं, ते थोडं सांगते. कारण मलाही बत्तीस वर्षं ह्या घरात राहून ते माहीत नव्हतं.

मूल अठरा वर्षांचं झालं की आई-वडील त्याचे आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. बौद्धिक अक्षमता, ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे. त्याखाली जिल्ह्यात एक स्थानिक समिती असते, जिल्हाधिकारी तिच्या प्रमुखपदी, शिवाय एका नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक अपंग व्यक्ती. ती पालक नेमते. आई-वडील, नातेवाईक किंवा संस्था अर्ज करू शकतात. नेमलेल्या पालकाला सहा महिन्यांत मालमत्तेची यादी द्यावी लागते, मग दर वर्षी हिशोब. पालक नीट वागला नाही तर त्याला काढताही येतं. ह्याच न्यासाची 'निरामय' नावाची आरोग्य विमा योजना आहे, एक लाख रुपयांपर्यंतची. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा तर आणखी पुढे जातो. त्यात मर्यादित पालकत्वाची कल्पना आहे, म्हणजे पालकाने त्या व्यक्तीच्या वतीने परस्पर ठरवायचं नाही, तिच्याबरोबर बसून ठरवायचं. आई किंवा वडील सरकारी नोकरीत असतील, तर त्यांच्यानंतर अपंग अपत्याला कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकतं, पण त्यासाठी प्रमाणपत्र आणि नोंद वेळेत लागते. घर थेट भावाच्या नावावर करावं की एक खाजगी न्यास करून त्यात दोन-तीन विश्वस्त ठेवावेत, ह्यासाठी वकिलाकडे बसावं लागतं.

मला ह्यातली सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट म्हणजे 'हिशोब'. कायदा पालकाकडे दर वर्षी हिशोब मागतो. म्हणजे कायद्याला माझ्या प्रेमाबद्दल शंका आहे. असायलाच हवी. सिनेमा मीराला, सीनाला, मीनलला कधी हिशोब मागत नाही, कारण त्या चांगल्या आहेत. पण मी कायम चांगली राहीनच असं नाही. मला कर्ज असेल, माझ्या मुलांची फी असेल, मला राग येईल. माझ्या चांगुलपणावर पूर्ण भार टाकणारी योजना ही भावासाठी धोकादायक योजना आहे. पालक एक, पैशाचा हिशोब दुसऱ्याकडे, अधूनमधून येऊन बघणारा तिसरा. असं असेल तर मला बहीण राहता येईल.

कासव

आता 'ओशन हेवन'बद्दलची दुसरी तक्रार. ही माझी नाही, माझ्या भावाची.

दिवाळीला घरी गेले तेव्हा लॅपटॉपवर हा सिनेमा घेऊन गेले होते. इंग्रजी उपशीर्षकं मी त्याला मराठीतून सांगत होते. समुद्राचं पहिलं दृश्य मी पुढे ढकललं. भीती वाटली, खोटं कशाला सांगू. बाकी सिनेमा त्याने मांडी घालून पाहिला. बसचं दृश्य आलं तेव्हा त्याने आपल्या कार्यशाळेच्या बसचा थांबा सांगितला. तो कागदी पिशव्या आणि पणत्या करायला जातो, रोज सकाळी, बाबा सोडतात.

सिनेमाच्या शेवटाकडे बाप मुलाला मरण कसं समजावतो? तो कासवाचं सोंग घेतो. पाठीवर कवच बांधून मुलाबरोबर पाण्यात उतरतो आणि सांगतो की मी कासव होणार आहे, इथेच तुझ्याबरोबर पोहत राहणार आहे. बाप गेल्यावर मुलगा मत्स्यालयातल्या खऱ्या कासवाला बिलगून पोहतो. ख्रिस्तोफर डॉइलचा निळा कॅमेरा, जो हिसाईशींचं संगीत. मी प्रत्येक वेळी रडते. त्या दिवशीही रडले.

भावाने विचारलं, "हे खरं कासव आहे?"

"नाही रे, ते त्याचे बाबा आहेत. सोंग घेतलंय."

"का?"

"ते मरणार आहेत ना, म्हणून. त्याला वाईट वाटू नये म्हणून."

तो थोडा वेळ पडद्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मग सांगत का नाय?"

सिनेमावरची इतकी नेमकी टीका मी कुठे वाचलेली नाही. एका बापाने अंडं, बस, फरशी, कपडे, सगळं सगळं शिकवलं. फक्त एक गोष्ट सांगितली नाही, आणि सगळं शिकवणं त्या एका गोष्टीसाठी होतं. दाफूला कुठे राहायचंय, कुणाबरोबर राहायचंय, हे दीड तासात कुणी विचारत नाही. सिनेमा त्याच्यावर इतकं प्रेम करतो की त्याच्याशी बोलायचंच राहून जातं. आणि मीही पहिलं दृश्य पुढे ढकलून तेच केलं होतं.

दुसऱ्या दिवशी फराळ करताना मी सगळ्यांसमोर भावाला विचारलं. "आई आणि बाबा म्हातारे होऊन देवाघरी जातील. तेव्हा तुला कुठे राहायला आवडेल?"

आई ताडकन म्हणाली, "सणासुदीला हे काय अभद्र बोलतेस गं!" बाबांनी चकली ताटात ठेवली.

भावाला आजोबा-आजी गेलेले आठवतात. देवाघर म्हणजे काय हे त्याला माहीत आहे. त्याने फार विचार केला नाही. "हितंच," तो म्हणाला. मग माझ्याकडे बघून, "तू पुण्याला जा. रविवारी ये."

म्हणजे मी त्याची योजना नव्हतेच. निदान त्याच्या डोक्यात नव्हते. मला सुटल्यासारखं वाटलं आणि पुढच्याच क्षणी पोटात गोळा आला. कारण 'हितंच' हे 'तू आहेसच की'पेक्षा खूप अवघड आहे. हितंच म्हणजे स्वयंपाक कोण करणार? औषधं, बँक, दारावर येणारी अनोळखी माणसं? वरच्या खोलीत कुणी विश्वासू कुटुंब भाड्याने ठेवायचं का? कार्यशाळेतल्या आणखी दोघा-तिघांच्या घरीही हाच प्रश्न आहे, त्यांनी मिळून ह्या घरात राहायचं का? आणि त्याला उद्या 'हितंच' नको वाटलं तर?

उत्तरं अजून नाहीत. बाबांनी फाईलमध्ये एक नवीन कव्हर घातलंय. त्यात सध्या प्रमाणपत्राची झेरॉक्स, समितीच्या अर्जाचा नमुना आणि एक दोनशे पानी वही आहे. वहीत आई सांगते आणि बाबा लिहितात. तो फटाक्यांना घाबरतो. ताप आला की सांगत नाही, नुसता गप्प होतो. उजव्या कानाने कमी ऐकू येतं. टोमॅटोची कोशिंबीर आवडत नाही. आजवर हे सगळं फक्त आईच्या डोक्यात होतं. जिथे भावाला सांगता येतं, तिथे तोही सांगतो, आणि कधी कधी आईचं खोडून काढतो.

बत्तीस वर्षांत आमच्याकडे कुणी त्याला गॅसजवळ जाऊ दिलेलं नव्हतं. आमच्या घरात अंडं शिजत नाही, म्हणून चहापासून सुरुवात केली. पाडव्याच्या सकाळी त्याने लायटर सात वेळा दाबला. आई दाराच्या चौकटीला घट्ट धरून उभी होती, पण पुढे आली नाही. चहा फार गोड झाला होता. मधुमेह नाही म्हणून बाबांनी पूर्ण कप घेतला आणि वहीत लिहिलं, 'साखर मोजायला शिकवणे'.